बीटल्स फुटल्यानंतरचे चौघे : १९७०-७१ मधील स्वतंत्र अल्बम पुन्हा ऐकताना

एप्रिल १९७० मध्ये बीटल्स हा इंग्लिश रॉक बँड फुटल्याचे जगजाहीर झाले, आणि पुढच्या वर्षभरात जॉर्ज हॅरिसन, जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार या चौघांनीही आपापले अल्बम बाजारात आणले. त्यांच्यावर तेव्हा दिले गेलेले निकाल आजही पुष्कळदा जसेच्या तसे सांगितले जातात : जॉर्जचा थोर, जॉनचा धाडसी, पॉलचे उथळ आणि रिंगोचा दखल न घेण्याजोगा. हे अल्बम आता सलग ऐकले, तर पॉलविषयीचा निकाल फारसा टिकत नाही आणि जॉर्जविषयीचा अर्धाच टिकतो.

जॉर्ज हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’मधील (नोव्हेंबर १९७०) गाण्यांच्या दर्जाबद्दल वाद नाही. जॉन आणि पॉल यांच्या गाण्यांपुढे त्याच्या वाट्याला दर अल्बममध्ये मोजकीच जागा येई. शीर्षकगीताच्या तर जानेवारी १९६९ मध्ये चौघांनी तालमी करूनही ते मागे पडले होते. असे साचलेले काम तीन तबकड्यांच्या संचातून बाहेर आले. ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये ‘हालेलुया’ आणि ‘हरे कृष्ण’ यांच्या पाठोपाठ साथीच्या आवाजांत ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ हा श्लोक येतो आणि शाळेपासून तो पाठ असलेला मराठी श्रोता तिथे हमखास कान टवकारतो. (या गाण्याची चाल ‘ही’ज सो फाइन’ या आधीच्या गाण्यावरून नकळत उचललेली आहे, असे अमेरिकेच्या न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवले.) अडचण आहे ती निर्माता फिल स्पेक्टर याने चढवलेल्या प्रतिध्वनीची. ‘वा-वा’ या गाण्यात गिटार, ढोल आणि ब्रास (पितळी फुंकवाद्ये) एकमेकांवर असे कोसळतात की जॉर्जचा मुळातला नाजूक आवाज त्यांत शोधावा लागतो. या गाण्यांना त्या भव्य निर्मितीतून मोकळे करावेसे वाटते, अशी भावना खुद्द जॉर्जने २००१ च्या आवृत्तीच्या वेळी लिहून ठेवली होती. पॉल हिक्स यांनी केलेल्या २०२१ च्या रिमिक्समध्ये (मूळ ध्वनिमुद्रणातील आवाजांच्या नव्या जुळणीत) ही गर्दी बरीच विरळ झाली आहे, म्हणून नव्या श्रोत्याने तेच घ्यावे. तिसऱ्या तबकडीवरील वाद्यांची मैफल एकदा ऐकली तरी पुरे.

निर्मात्यांच्या यादीत तोच स्पेक्टर असूनही ‘जॉन लेनन/प्लास्टिक ओनो बँड’ (डिसेंबर १९७०) अगदी उघडाबोडका आहे. रिंगोचे ढोल, क्लाउस फोरमानचे बास आणि जॉनचा पियानो किंवा गिटार, याहून फारसे काही बहुतेक गाण्यांत नाही. आर्थर जानॉव यांच्या मानसोपचारांनंतर ही गाणी झाली आणि ‘मदर’च्या शेवटी आईवडिलांना घातलेल्या हाकांच्या किंकाळ्या होतात. चौघांच्या कामांत हा सर्वांत उंचीचा अल्बम आहे, असे माझे मत आहे; मात्र तो वारंवार लावण्याचे धैर्य होत नाही.

पॉलने बहुतांशी घरी, सगळी वाद्ये स्वतः वाजवून केलेला ‘मॅकार्टनी’ (एप्रिल १९७०) ‘मेबी आयम अमेझ्ड’ वगळता कच्चाच आहे, आणि त्यावरील टीका रास्त होती. ‘रॅम’ची (मे १९७१) गोष्ट निराळी. पॉल आणि त्याची पत्नी लिंडा अशा दोघांच्या नावाने आलेल्या या अल्बमवर तेव्हाच्या समीक्षकांनी झोड उठवली; त्यांना जॉनसारखे आत्मकथन हवे होते आणि इथे तर एका गाण्यातून दुसरे उगवते, मध्येच चाल बदलते, मागे लिंडाचा काहीसा कोरा आवाज येतो. नेमक्या याच गुणांमुळे ‘रॅम’ आज सर्वांत ताजा वाटतो. ‘टू मेनी पीपल’मध्ये जॉनला काढलेले चिमटे आहेतच, पण ते माहीत नसले तरी गाण्याचे काही बिघडत नाही, जॉनने पुढे ‘हाउ डू यू स्लीप?’मधून दिलेले उत्तर मात्र त्या भांडणाशिवाय उभे राहत नाही. ‘द बॅक सीट ऑफ माय कार’मध्ये वाद्यवृंद चढत जातो, तरी चालीचा पदर कुठेही सुटत नाही.

रिंगोने कंट्री संगीताचे अमेरिकेतील माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला जाऊन, पीट ड्रेक या स्टील गिटारवादकाच्या निर्मितीत, तिथल्या वादकांसोबत ‘बोकूज ऑफ ब्लूज’ (सप्टेंबर १९७०) केला. त्याच्या आवाजाचा पल्ला लहान आहे, आणि कंट्री संगीताच्या या साध्या, दुःखी गाण्यांना त्याहून मोठा पल्ला लागतही नाही. जेमतेम अर्ध्या तासाच्या या अल्बममध्ये दोन-तीन गाणी सामान्य आहेत, पण जॉर्जच्या तिसऱ्या तबकडीपेक्षा ती मी केव्हाही पुन्हा ऐकेन.