रतनगड ते हरिश्चंद्रगड, भर पावसात : पावसाळाभर वापरलेल्या साहित्याचा आणि नियोजनाचा अनुभव

पाँचो (डोक्यातून घालायचा, बाह्या नसलेला सैल रेनकोट), सॅकचे आतले प्लास्टिकचे अस्तर, स्लीपिंग बॅग, बूट आणि छापील नकाशे एवढे साहित्य मी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सलग वापरले. सराव ठाण्यातल्या येऊरच्या वाटांवर झाला. खरा कस मात्र रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीतून खिरेश्वर या मुक्कामांच्या वाटेवर लागला. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेथे पाऊस थांबण्याची वाट पाहत बसले, तर चाल होतच नाही.

वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे. घाटमाथ्यावर दिवसभर कोरडे राहता येत नाही, आणि त्या आशेवर महागडे साहित्य घेणे व्यर्थ आहे. दिवसा भिजायचेच आहे असे धरून निघावे. रात्रीचा कपड्यांचा जोड आणि पांघरूण मात्र कोणत्याही परिस्थितीत कोरडे राहिले पाहिजे. उरलेली सारी बुद्धी ओढ्यांच्या हिशेबावर खर्च करावी.

आमच्या गटातल्या एका मित्राने घाम बाहेर जाऊ देणारे, पण पाणी आत येऊ न देणारे असे महाग जॅकेट घेतले होते. अशा कापडाचे काम आतल्या आणि बाहेरच्या बाष्पाच्या दाबातील फरकावर चालते. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. सह्याद्रीत जुलैमध्ये बाहेरची हवाच बाष्पाने काठोकाठ भरलेली असते, त्यामुळे आतल्या घामाला जायला जागा राहत नाही. त्यातच कापडावरचा पाणी झटकून टाकणारा थर काही आठवड्यांच्या वापराने झिजला, की बाहेरचा पदर ओला होऊन अंगाला चिकटतो. कात्राबाईच्या चढावर आम्ही दोघेही सारखेच भिजलो होतो. तो घामाने भिजला होता आणि मी पावसाने, एवढाच काय तो फरक होता. ज्यांना हिवाळ्यात उत्तरेकडे जायचे आहे, त्यांनी असे जॅकेट जरूर घ्यावे. केवळ सह्याद्रीसाठी घेऊ नये.

पाँचोविषयी माझे मत चांगले आहे, पण त्याला दोन अटी आहेत. तो सॅकसकट अंगावर येतो, खालून वारा खेळत राहतो आणि पाठीचे पट्टे कोरडे राहतात, हे त्याचे मोठे गुण. उघड्या पठारावर वारा सुटला की मात्र तो तोंडावर उलटतो, म्हणून कमरेला दोरी बांधलीच पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे : उतरताना पुढचा पदर पायांवर येतो आणि पाऊल कोठे पडते आहे ते दिसत नाही. शेवाळलेल्या कातळावर हे धोक्याचे आहे. अशा उतारावर आणि रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर मी पाँचो सरळ काढून सॅकमध्ये कोंबतो आणि भिजत उतरतो. शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी करणारी माणसे पूर्वी डोक्यावर इरले (बांबू आणि पानांचे पावसाळी आच्छादन) घेत असत. ते पाठ झाकते आणि पाय मोकळे ठेवते. आजच्या पाँचोची बेतणी करणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

सॅकवर चढवायच्या रेनकव्हरवर मी आता भरवसा ठेवत नाही. पाणी पाठीकडून, पट्ट्यांच्या शिवणीतून आत झिरपते आणि कव्हरच्या तळाशी साठते. तळाला भोक नसेल तर सॅक अक्षरशः पाण्यात बसलेली असते. त्याऐवजी जाड प्लास्टिकची, सॅकपेक्षा हातभर लांब पिशवी आत घालावी, सामान तिच्यात भरावे, तोंडाशी हवा काढून पीळ द्यावा आणि पीळ दुमडून रबराने बांधावा. ठाण्याच्या बाजारपेठेत ताडपत्री आणि प्लास्टिक विकणाऱ्या दुकानात अशी पिशवी अगदी थोड्या पैशांत मिळते. संपूर्ण पावसाळ्यात माझी स्लीपिंग बॅग एकदाही भिजली नाही, याचे श्रेय या पिशवीलाच आहे. तरीही कृत्रिम तंतूंचीच स्लीपिंग बॅग घ्यावी, कारण पिसांची बॅग ओलावली की पिसे एकमेकांना चिकटतात आणि तिची ऊब जाते.

कोरडा जोड फक्त रात्रीसाठी आहे, हा नियम पाळणे सकाळी फार जिवावर येते. कुमशेतच्या घरात चुलीजवळ झोपून उठल्यावर दोरीवरची थंडगार, ओली पँट पुन्हा पायांत चढवणे कोणालाच आवडत नाही. पण कोरडे कपडे घालून निघाल्यास पहिल्याच ओढ्यात ते भिजतात आणि पुढच्या रात्रीसाठी काहीच उरत नाही. सुती कपडे आणि जीन्स घरीच ठेवावेत. मांड्या घासू नयेत म्हणून खोबरेल तेल आणि रात्री पाय पूर्ण पुसून कोरडे मोजे, या दोन साध्या गोष्टींनी दिलेला आराम कोणत्याही महाग वस्तूने दिला नाही.

आता नियोजनाकडे येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे छापून घेतले होते. त्यात 1 सेंटीमीटर म्हणजे 500 मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचा फरक 20 मीटर असतो. मोबाइलमधला नकाशा आम्ही वापरला, पण भर पावसात पडद्यावर पडणाऱ्या थेंबांनाच तो बोटांचा स्पर्श समजतो आणि भलतीकडे सरकत राहतो. छापील नकाशावर आम्ही प्रत्येक ओढा निळ्या पेनाने ठळक केला आणि तो ओढा ज्या उतारांवरचे पाणी गोळा करतो, त्यांना पेन्सिलीने वेढा घातला. हे काम घरी, ठाण्यात बसून निवांत करावे. वेढा मोठा निघाला, तर तो ओढा सकाळी लवकर ओलांडायचा किंवा तिथे परत फिरण्याची तयारी ठेवायची, हे निघण्यापूर्वीच ठरते.

या वाटेवरचा कळीचा टप्पा म्हणजे कुमशेत आणि पाचनई यांच्यामधली मुळा नदी. ती रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्यामधल्या डोंगरांत उगम पावते, म्हणजे आपण तिला तिच्या बालपणीच भेटतो. पण डोंगरावर जोराची सर आली की अशी लहान नदी बघता बघता चढते. पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल, किंवा तळाशी दगड गडगडत असल्याचा आवाज येत असेल, तर ओलांडायची नाही, हे आम्ही ठाण्याहूनच ठरवून निघालो होतो. कुमशेतच्या यजमानबाबांनी सकाळी पडवीतूनच सांगितले, "पाव्हणं, नदीला लोंढा हाये. आज काय जाऊ नका." त्यांच्या शब्दाला आमच्या नकाशापेक्षा जास्त किंमत होती, आणि आम्ही तो दिवस तेथेच काढला. म्हणून माझा आग्रह आहे की अशा चालीत एक राखीव दिवस धरलाच पाहिजे. रजाच नसेल, तर वाट छोटी करावी. नदीशी घाई करू नये.

या मार्गाची जमेची बाजू अशी की रतनवाडी, कुमशेत आणि पाचनई ही तिन्ही गावे पूर्वेकडे राजूरला रस्त्याने जोडलेली आहेत. मुक्काम गावातच ठेवले, तर प्रत्येक सकाळी माघार घेण्याचा मार्ग हाताशी राहतो. पश्चिमेकडे कोकणात उतरणाऱ्या नाळांचा, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद, उभ्या घळींचा विचार पावसाळ्यात मनातही आणू नये. त्या वाटा नव्हेत, धबधबे असतात.

हवामानाचा अंदाज पाहताना येथे एक फसवी जागा आहे. हा भाग अहिल्यानगर जिल्ह्यात मोडतो आणि त्या जिल्ह्याचा बराचसा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. जिल्ह्याच्या नावापुढे हलका पाऊस लिहिलेला असताना रतनवाडीत धो धो कोसळत असू शकतो. म्हणून आम्ही भारतीय हवामान विभागाचा नाशिकच्या घाटमाथ्याचा आणि ठाणे जिल्ह्याचा इशारा पाहत होतो. विभागाच्या भाषेत 24 तासांत 115.6 मिलिमीटरपासून 204.4 मिलिमीटरपर्यंतचा पाऊस अतिजोरदार ठरतो. त्या पातळीचा इशारा असेल, तर आमच्या गटाने कसारा लोकलमध्ये पाऊल ठेवायचे नाही, असा ठराव होता. निघण्यापूर्वी वनविभागाची आणि जिल्हाधिकाऱ्यांची बंदी नाही ना, हेही विचारून घ्यावे.

परतीचा प्रवास खिरेश्वरजवळच्या खुबी फाट्यावरून कल्याणकडे येणाऱ्या एसटीने सोयीचा पडतो. माळशेज घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर आळेफाट्याकडे जाऊन नारायणगाव, पुणे असा वळसा घ्यावा लागतो, म्हणून तेवढे पैसे आणि वेळ बाजूला असावेत. हरिश्चंद्रगडाचे मंदिर आणि तोलार खिंड यांच्यामधल्या टेकाडांत दाट धुक्यामध्ये वाट हमखास चुकते, त्यामुळे या टप्प्यापुरता पाचनईचा वाटाड्या घेणे मला योग्य वाटते.

शेवटी टिकाऊपणाविषयी. ऑगस्टअखेर माझ्या पाँचोची आतली बाजू बोटांना चिकट लागू लागली आणि तिला आंबूस वास येऊ लागला. ओलाव्यामुळे पॉलियुरेथेनचा थर रासायनिकरीत्या विघटित होतो, आणि हा थर एकदा चिकट झाला की धुऊन सुधारत नाही. बुटांच्या तळव्यातला फेसासारखा थरही याच कारणाने भुसभुशीत होतो आणि वापराविना ठेवलेल्या बुटांचा तळवा अचानक सुटतो. सॅकमध्ये सुतळी आणि चार प्लास्टिकच्या पट्ट्या त्यासाठीच ठेवाव्यात. विक्रेत्याने पाँचो बदलून दिला नाही, कारण अशी खराबी त्यांच्या हमीत बसत नव्हती. नवा घेतला तो आतून सिलिकॉनचा लेप असलेला आहे. ठाण्याच्या दमट हवेत साहित्य घडी घालून पिशवीत कधीही ठेवू नये. प्रत्येक चालीनंतर ते पंख्याखाली दोन दिवस टांगावे, शिवणी आणि खिसे उलटे करून वाळवावेत, आणि मगच कपाटात ठेवावे. बूट वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दर काही तासांनी बदलावेत. हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवल्यास तळव्याचा डिंक सुटतो.