लिनोकट (लिनोलियमच्या मऊ शीटवर कोरून छापलेली चित्रं) विकायला काळा घोडा की दिवाळी प्रदर्शन?

मुंबईचा काळा घोडा फेस्टिव्हल १९९९ पासून चालूय, ९ दिवस, एन्ट्री फुकट, त्यामुळे गर्दी तुफान, पण निम्मी लोकं फोटो काढायलाच आलेली असतात, आणि स्टॉलसाठी अर्ज करून निवड व्हावी लागते. तरी तिथे कुणीतरी प्रिंटखाली पेन्सिलने लिहिलेलं ३/२० (म्हणजे २० पैकी तिसरी प्रिंट) बघून थांबतं, हे काय विचारतं, फक्त २० च छापल्यात ऐकलं की मोठी प्रिंटपण घेतं. हे फार भारी वाटतं!

पुण्यातल्या हॉलमधल्या दिवाळी प्रदर्शनात लोकं गिफ्ट घ्यायलाच येतात, पणत्या-उटण्याशेजारी आपला टेबल, मोठ्या प्रिंटला गिऱ्हाईक कमी पण पोस्टकार्ड साइझ भराभर जातात. पहिल्यांदा विकत असाल तर दिवाळीच करा, भाडं तरी सुटतं. फक्त ऑइल बेस शाई असेल तर छपाई आठवडाभर आधी उरका, ओली प्रिंट पाकिटाला चिकटते.