सार्जंट पेपर: काकांची मोनो तबकडी की २०१७ ची नवी?

टिळकवाडीतल्या आमच्या घरी बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमच्या दोन तबकड्या आहेत. एक काकांची, १९६७ च्या मोनो मिक्सची (वेगवेगळी रेकॉर्डिंग जुळवून केलेली, सगळा आवाज एकाच वाटेने येणारी), कोलकात्याजवळच्या डमडमच्या तबकडी कारखान्यातली. दुसरी मी घेतलेली, २०१७ ची स्टिरिओ, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या बाजूंत वाटलेली.

काकांच्या तबकडीच्या कव्हरावर बेळगावच्या पावसाळ्यांनी बुरशीचे ठिपके उमटवलेत. सुई टेकली की आधी चरचर येते. पण गाणं सुरू झालं की आवाज एकजीव, थेट छातीवर येणारा. बीटल्स स्वतः मिक्सिंगला बसले ते मोनोच्याच; स्टिरिओचं काम बहुतेक त्यांच्याविना उरकलं गेलं. त्यामुळे जुन्या स्टिरिओत ड्रम एका कानात, गाणारा दुसऱ्या कानात असं होतं. 'शीज लीव्हिंग होम' तर त्यात मोनोपेक्षा संथ, उतरत्या पट्टीत वाजतं.

बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स यांनी २०१७ मध्ये हे निस्तरलं. मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी चार ट्रॅकच्या टेपवर जागा व्हावी म्हणून आवाज एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवत, आणि दरवेळी थोडा कस जाई. जाइल्स असं एकत्र करण्याआधीच्या टेपांकडे गेले. म्हणून रिंगोचे ड्रम आता मधोमध, काठी चामड्यावर पडलेली कळावी इतके स्वच्छ ऐकू येतात.

हेडफोनवर ऐकणार असाल तर डोळे झाकून नवी घ्या. जुनी मोनो कुठे मिळाली तर उजेडात तिरकी धरून चरे बघा, मगच पैसे द्या. माझा जीव मात्र काकांच्याच तबकडीवर आहे. 'अ डे इन द लाइफ'चा शेवटचा पियानो विरत जातो तेव्हा आमच्या घरात कुणी बोलत नाही.