पॉवर स्किड: घ्यावा, पण पाया आधी मोजावा

पॉवर स्किड म्हणजे एलटी पॅनल (कमी दाबाची वीज वाटणारं कपाट), यूपीएस, बसबार (वीज वाहणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या) सगळं एकाच लोखंडी चौकटीवर, वायरिंगसकट कारखान्यातून तयार. डेटा सेंटरसाठी घ्यावा का? घ्यावा. इकडे पाया भरत असताना तिकडे जोडणी आणि लोड बँकवर (खोटा विजेचा भार देणाऱ्या यंत्रावर) चाचणी उरकते, खरी बचत तीच. नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या पावसात साइटवर टर्मिनेशन (केबलची टोकं जोडणं) करत बसण्यापेक्षा केव्हाही बरं.

घोळ होतो तो पाया भरण्यात. केबलची भोकं ड्रॉइंगपेक्षा ५० मिमी सरकली, की वर स्किड क्रेनला लटकलेला आणि खाली कोअर कटिंग, म्हणजे घट्ट झालेल्या काँक्रीटला नव्याने भोकं पाडणं! भोकांच्या जागा पक्क्या धरणारा साचा (टेम्प्लेट) लावूनच काँक्रीट ओता. प्रवासाच्या हादऱ्यांनी बसबारचे बोल्ट सैल होतात. प्रत्येक सांधा टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासा आणि बोल्टवरून पट्टीपर्यंत मार्करची रेघ ओढा. पुढे रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावण्याआधी यूपीएस आणि सर्ज अरेस्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) सोडवा, नाहीतर आतली इलेक्ट्रॉनिक कार्डं जळतील.

वीजपुरवठा असा तयार आणला तरी सर्व्हर मात्र तयार ४० फुटी कंटेनरमध्ये नकोत. आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर, १.२ मीटर खोल रॅक (सर्व्हरचं कपाट) आडवा ठेवला की पुढे-मागे मिळून उरतात १.१५ मीटर. सर्व्हर बाहेर ओढणार कुठे?