पहिला बघायचा की दुसरा? काही सिनेमे आणि त्यांचे पुढचे भाग

ओटीटीवर सिनेमाच्या नावापुढे २ किंवा ३ दिसला की पहिली शंका येते ती ही, की आधीचा बघितलेला नसला तर चालेल का? त्याहून अवघड प्रश्न नंतरचा. रात्रीचे अडीच तास हातात आहेत, एकच सिनेमा होणार आहे, तर मूळचा पुन्हा बघावा की नवा लावावा?

मी समीक्षक नाही. कधी तिकीट काढून बघतो, बहुतेक वेळा घरीच, मध्ये चहा टाकायला उठून. पण अलीकडे असे बरेच जोडसिनेमे पाठोपाठ बघितले आणि एक कसोटी हाताशी आली. दोन भागांच्या मध्ये जी वर्षं गेली, त्यांचं सिनेमाने काय केलं? माणसं थकली, पोरं मोठी झाली, जुनी भीती मुरली, यातलं काही कथेत उतरलं असेल तर पुढचा भाग बघण्यात अर्थ आहे. मधली वर्षं नुसती पोस्टरवर असतील आणि विनोद तेच असतील, तर मूळचाच पुन्हा लावावा.

या कसोटीवर ‘दृश्यम’ची जोडी सगळ्यांत पुढे. मूळ मल्याळम सिनेमा जीतू जोसेफ यांचा, २०१३चा. हिंदीतला पहिला २०१५ साली निशिकांत कामत यांनी केला. गोव्यातला चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर, त्याची बायको, दोन मुली, आणि २ ऑक्टोबरची ती पणजीची सहल. पहिला तासभर हा सिनेमा काहीच करत नाही असं वाटतं. विजय ऑफिसात सिनेमे बघतो, घरी पैशांवरून कुरकुर होते, सबइन्स्पेक्टर गायतोंडेशी खटके उडतात. घरी बघताना याच तासात लोक मोबाइल हातात घेतात आणि मग पुढे सारखं विचारत बसतात. तेव्हा आधीच बजावून ठेवा, कारण शेवटच्या तासात कामाला येणारा बराच माल याच संथ भागात पेरलेला आहे.

दुसरा २०२२ साली आला. कामत २०२०मध्ये गेले, त्यामुळे दिग्दर्शन अभिषेक पाठक यांचं. खऱ्या आयुष्यात सात वर्षं गेली होती, कथेतही सातच गेली आहेत आणि ती वाया गेलेली नाहीत. विजयचं स्वतःचं थिएटर झालंय, सिनेमा काढायचं डोक्यात आहे. मोठ्या मुलीला अजून झटके येतात, पोलिसांची नुसती चाहूल लागली तरी घर गोठतं. मला सगळ्यांत पटलं ते गावाचं बदलणं. पहिल्या भागात जे शेजारी विजयच्या बाजूने उभे होते, तेच आता त्याच्या पाठीमागे कुजबुजतात. माणूस संकटात असेपर्यंत गाव त्याचं असतं. तो वर आला, हातात पैसा खेळायला लागला, की त्याच गावाला सगळं संशयास्पद वाटायला लागतं. हे लिहिणाऱ्याने बरोबर हेरलंय.

तरीही एकच निवडायचा तर पहिला. दुसऱ्याचा शेवट चलाख आहे, पण तो चालायला बऱ्याच गोष्टी नेमक्या जुळून याव्या लागतात आणि सिनेमा संपल्यावर अर्ध्या तासात आपण ‘पण हे कसं शक्य आहे?’ म्हणायला लागतो. पहिल्यात ती भानगड कमी. शिवाय तब्बू. पोलीस महानिरीक्षक आणि बेपत्ता मुलाची आई या दोन्ही गोष्टी तिच्या एकाच चेहऱ्यावर भांडत असतात. दुसऱ्यात तीही आहे, पण तपासाची सूत्रं अक्षय खन्नाकडे जातात. तो बघायला मजा येते, पण त्याला गमावण्यासारखं स्वतःचं काही नाही, म्हणून धार थोडी कमी वाटते. पहिला न बघता दुसरा मात्र अजिबात लावू नका. सुरुवातीपासूनच हरवल्यासारखं होईल, आणि पहिल्याचा शेवटही फुकट जाईल.

मल्याळम की हिंदी, हाही प्रश्न येतो. कथा जवळपास तीच. मोहनलालचा जॉर्जकुट्टी जास्त घरगुती आहे, हसतो, चिकटपणा करतो, म्हणून तो पुढे काय करून बसला हे बघताना जास्त धक्का बसतो. अजय देवगण पहिल्यापासूनच डोळ्यांत काहीतरी दडवून बसल्यासारखा वाटतो. सबटायटल वाचायची सवय असेल तर मल्याळम. घरात आजी-आजोबा सोबत असतील तर मुकाट्याने हिंदी. साळगावकर, गायतोंडे, देशमुख ही नावं तरी आपली वाटतात, जरी गोव्यातल्या या घरात कोकणी फारशी कानावर पडत नाही.

आता आपल्याकडे. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन भाग आहेत, २०१०, २०१५ आणि २०१८चे. तिन्हीकडे स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. गंमत अशी की तिन्ही एकाच जोडीचे असले तरी प्रकृतीने अगदी वेगळे आहेत, त्यामुळे ‘कोणता चांगला’ यापेक्षा ‘आत्ता कोणासोबत बघताय’ हे आधी ठरवा.

पहिल्यात जवळजवळ दोनच माणसं. मुलगी मुंबईहून पुण्याला मुलगा बघायला, खरं तर नकार द्यायला येते, आणि एका अनोळखी पुणेकराबरोबर तिचा दिवस जातो. बाकी सगळं बोलणं. मुंबई भारी की पुणे भारी हा वाद आता घासून गुळगुळीत झालाय, रोज दहा विनोद त्यावर फिरत असतात. तरी या दोघांच्या तोंडी तो अजून ताजा वाटतो, कारण वाद शहरांचा असला तरी अजमावणं एकमेकांचं चाललेलं असतं. सिनेमात मोठा सेट नाही, नातेवाईक नाहीत, खलनायक नाही. मुक्ता बर्वे एखादं वाक्य अर्धवट सोडते आणि स्वप्नील ते उचलतो, एवढ्यावर प्रसंगच्या प्रसंग उभे राहतात. दोघांनीच बघायचा सिनेमा आहे हा. दहा जणांच्या गलक्यात लावलात तर निम्मे संवाद जातील.

दुसरा नेमका उलटा. तो २०१५च्या दिवाळीत आला आणि आहेही दिवाळीसारखाच. प्रशांत दामले, मंगल केंकरे, विजय केंकरे, आसावरी जोशी, सविता मालपेकर, सुहास जोशी, घर भरून माणसं. लग्न ठरलंय आणि गौरीच्या, म्हणजे मुक्ता बर्वेच्या, मनात पाल चुकचुकते, त्यात तिचा जुना मित्र परत येतो. प्रश्न खरा आहे. होकार दिल्यानंतर वाटणारी भीती आपल्याकडे कोणी बोलून दाखवत नाही, ‘आता कसलं, पत्रिका छापल्या’ म्हणून गप्प बसवतात. पण सिनेमा हा प्रश्न उचलतो आणि मग मंडप, साड्या, गाणी यांत बराच वेळ ठेवून देतो. घरात लग्न निघालं असेल, पाहुणे उतरले असतील, तर याच्यासारखा सिनेमा नाही. एरवी मध्यंतरानंतर घड्याळाकडे लक्ष जातं.

तिसऱ्यात गरोदरपण येतं, तेही न ठरवता आलेलं. आत्ता मूल हवं की नको, गौरीच्या कामाचं काय, दोन्हीकडच्या आई-वडिलांच्या अपेक्षांचं काय. विषय तिन्हींत सगळ्यांत मोठ्या माणसांचा, पण मांडणी सगळ्यांत गोडगोड. काही जागी तो जाहिरातीइतका गुळगुळीत होतो. तरी पहिला कॉलेजात असताना बघितलेल्यांना तो लागतो, कारण आठ वर्षांत पडद्यावरच्यांबरोबर बघणारेही तिथवर पोचलेले असतात. पहिला बघितला नसेल तर हा सिनेमा ठीकठाक, बघितला असेल तर बराच बरा.

माझा क्रम विचाराल तर पहिला, मग काही दिवसांनी तिसरा, आणि दुसरा कोणाच्या तरी लग्नाच्या आठवड्यात.

‘नवरा माझा नवसाचा’बद्दल लोक फार भावनेने बोलतात. २००४चा पहिला भाग टीव्हीवर इतक्यांदा लागलाय की पुढचा संवाद घरातल्या कोणालातरी आधीच पाठ असतो. सचिन पिळगावकर, सुप्रिया पिळगावकर, मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी आणि कंडक्टर अशोक सराफ. दुसरा आला २०२४च्या सप्टेंबरात. यात स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे ही पुढची पिढी आहे, प्रवास कोकण रेल्वेने होतो आणि अशोक सराफ आता टीसी आहेत.

वीस वर्षांनी एसटीच्या जागी रेल्वे आणायची ही कल्पना ऐकायला छान आहे. पण माझ्या मते दुसऱ्याची अडचण तिथूनच सुरू होते. एसटी म्हणजे एक खोली. सगळे प्रवासी एकाच नजरेत, मधली अरुंद वाट, पुढे ड्रायव्हर, आणि कंडक्टरने घंटी मारली की गोष्ट थांबते, पुन्हा मारली की सुटते. मागच्या बाकावरच्याने काही टाकलं की पुढचा वळून उत्तर देतो. विनोदाला याहून सोयीची जागा नाही. रेल्वेत माणसं डब्याडब्यांत विखुरतात, टीसी येतो आणि पुढे निघून जातो. तो मनात आलं म्हणून गाडी उभी करू शकत नाही. त्यामुळे दुसऱ्यात प्रसंग सुटे सुटे होतात, पहिल्यासारखी सगळ्या गाडीची मिळून एक फजिती होत नाही. (आणि रेल्वेने गेलं तरी रत्नागिरीला उतरून पुढे रस्त्यानेच जावं लागतं, हे कोकणात जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.)

अशोक सराफांसाठी बघायचा असेल तर दुसराही बघा. त्यांचं टायमिंग तसूभर हललेलं नाही, नुसत्या मान वळवण्यावर हशा घेतात. पण पाहुण्याला पहिल्यांदाच दाखवायचा असेल, तर पहिलाच. दुसऱ्यातली बरीच मजा ‘अरे, हे पहिल्यात होतं!’ या ओळखीची आहे. ज्याने पहिला बघितलेला नाही त्याच्या हाती त्यातलं थोडंच लागेल.

‘टाइमपास’मध्ये गोंधळ क्रमाचा आहे. रवी जाधव यांचा पहिला २०१४चा, दुसरा २०१५चा, तिसरा २०२२चा; पण कथेच्या हिशेबाने तिसरा हा पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधला. पहिल्यात आणि तिसऱ्यात दगडू म्हणजे प्रथमेश परब, दुसऱ्यातला मोठा दगडू म्हणजे प्रियदर्शन जाधव. (प्रथमेश हिंदी ‘दृश्यम’मध्ये विजयच्या ऑफिसातला जोसे आहे, लक्ष गेलं नसेल तर आता जाईल.) मग कसे बघायचे? बहुतेक जण म्हणतील आले त्या क्रमाने. मी उलट सांगेन. दगडूचं पुढे काय होतं हे दुसऱ्यात कळून चुकतं, त्यामुळे त्यानंतर तिसरा बघितला की त्यात दगडूला भेटणाऱ्या पालवीबद्दल (हृता दुर्गुळे) जीव टांगणीला लागतच नाही. कथेच्या क्रमाने बघा: पहिला, तिसरा, दुसरा. आणि एकावरच थांबायचं असेल तर पहिल्यावर थांबा. केतकी माटेगावकरची प्राजक्ता, तिचे कडक वडील लेले झालेले वैभव मांगले आणि दगडूचा बाप झालेला भाऊ कदम, हे त्रिकूट नंतर कोणाला जमलं नाही. पहिल्याच्या शेवटी जी चुटपुट लागते तीच त्याची खरी कमाई आहे, पुढचे भाग ती भरून काढत बसतात.

‘दे धक्का’वर फार वेळ घालवत नाही. २००८चा पहिला म्हणजे ‘लिटल मिस सनशाइन’चा मराठमोळा अवतार. खटारा गाडी, पैशांची चणचण, मुलीची नाचाची स्पर्धा, मकरंद अनासपुरे, शिवाजी साटम, सिद्धार्थ जाधव. २०२२चा दुसरा लंडनला जातो. ज्या कुटुंबाची सगळी गंमत पैसे नसण्यात होती, त्याला विमानात बसवल्यावर उरणार काय? पहिला बघा.

मधली वर्षं पार विसरूनही जमतं, याचं एकच उदाहरण मला ठाऊक आहे. नागपूरच्या राजकुमार हिरानींनी २००३च्या मुन्नाभाईला २००६मध्ये परत आणलं तेव्हा मेडिकल कॉलेजचं नावही काढलं नाही. नायिका बदलली, बोमन इराणी तर वेगळ्याच भूमिकेत आले, राहिले फक्त मुन्ना आणि सर्किट. त्यामुळे कोणताही आधी बघा, काही अडत नाही. घरात आठवी-नववीतली मुलं असतील तर गांधीजींचा दुसरा आधी लावा, बघून झाल्यावर ती आपणहून वाद घालतात. वडीलधारे सोबत असतील तर पहिला. सुनील दत्त आणि संजय दत्त यांची बाप-लेकाची मिठी बघून आमच्या घरात अजून कोणीतरी चष्मा पुसतं.

राहिला ‘झपाटलेला’. महेश कोठारेंचा १९९३चा पहिला आणि २०१३चा थ्रीडीतला दुसरा. तात्या विंचू हा झपाटलेला बाहुला रामदास पाध्येंचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि पहिल्यात लक्ष्मीकांत बेर्डे. लक्ष्मीकांत २००४मध्ये गेले, म्हणून दुसऱ्यात लक्ष्याचा मुलगा आहे, आदिनाथ कोठारे. तो प्रामाणिकपणे काम करतो, पण बाहुल्यासमोर घाबरताना हसवायचं कसब फक्त लक्ष्याकडे होतं, आणि ते नसलं की उरतो तो नुसता बाहुला. त्यात दुसरा भाग चष्मा लावून बघायला बनवलेला. घरच्या साध्या टीव्हीवर अंगावर येणाऱ्या वस्तू नुसत्याच कॅमेऱ्याकडे येतात आणि आपण विचारात पडतो की हे काय चाललंय. थिएटरात बघितला असेल तर ती आठवण पुरे, घरी पहिलाच लावा. पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर दोन्ही दिवसाउजेडी, कारण तात्या विंचूचा चेहरा आजही चांगलाच घाबरवतो आणि मग रात्री घरातली एकूण एक बाहुली कपाटात कोंडून ठेवावी लागते.