कळंबोलीत बायोडिझेल म्हणून विकलं जाणारं तेल

कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ गाड्या उभ्या असतात, तिथे एक जण बॅरल घेऊन यायचा. तळणीच्या वापरलेल्या तेलापासून केलेलं बायोडिझेल, भाव पंपापेक्षा बराच कमी. तो माल आमच्या आयशर ट्रकमध्ये पडला आणि नोजल, डिझेल पंप, पिस्टनच्या रिंगा सगळंच काम निघालं. दुसऱ्या कुणाच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून लिहितोय.

फिल्टर चोक झाला तेव्हा तो म्हणाला, "शेठ, बायोडिझेल टाकी धुतं. जुनी घाण सुटते. एक-दोन फिल्टर बदला, मग बघा." यातली मेख अशी की हे खरं आहे. बायोडिझेल टाकीतला, पाइपातला साचलेला गाळ सोडवतं आणि सुरुवातीचे फिल्टर त्यात जातात. पण पुढे गाडी सुरळीत चालायला हवी. आमची सकाळी स्टार्टच घेईना, पांढरा धूर, चढावर पिकअप नाही. डिपस्टिकवर इंजिन ऑइल काकवीसारखं दाट झालेलं.

डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी बॅरलमधलं तेल बोटांवर चोळून पाहिलं. "दादा, ह्याची प्रोसेसच झालेली नाही. नुसतं गाळलेलं तेल आहे हे."

बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालतात, ग्लिसरीन खाली बसतं, ते काढून वरचं साफ करतात. आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे ४० अंश सेल्सिअसला त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ३.५ ते ५ सेंटिस्टोक असावी लागते. साधं खाद्यतेल तिथे तीसच्या आसपास असतं. इतकं दाट तेल नोजलमधून नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं, टोकाला कार्बन धरतं आणि उरलेलं रिंगांवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

विकणाऱ्याने लॅब रिपोर्टही दाखवला होता. त्यावरचा बॅच नंबर बॅरलवर कुठेच नव्हता. पक्कं बिल मागितलं, तेव्हापासून फोन बंद.

केंद्राच्या २०१९ च्या नियमांनुसार बायोडिझेल विकायला परवानगी आहे, ती डिझेलमध्ये मिसळण्यासाठी, आणि विक्रेत्याची नोंदणी लागते. ते कागद आधी मागा. शंका आली तर लॅबमध्ये साधी चाचणी होते: २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली माल. चांगलं बायोडिझेल विरघळतं, कच्चं तेल तळाशी बसतं. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, घरी करू नका.

हा माल कुणाकडे शिल्लक असेल तर गाडीत टाकू नका आणि फेकूनही देऊ नका. एक बाटली भरून, तारीख लिहून, सील करून ठेवा. तक्रार देताना तोच पुरावा लागतो.