३२०० वेगाची रॅम किट, ८-८ जीबीच्या दोन स्टिक: परभणीचा एक उन्हाळा काढल्यावर

आधी मशीन सांगतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. रायझन ५ ५६००जी (एएमडीचा प्रोसेसर), बी५५० चा मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर सगळं काम चालायलाय. परभणीत छोटा स्टुडिओ आहे माझा, लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम, लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एडिटिंग. दोन वर्षं मशीनमध्ये ८ जीबीची रॅमची एकच २६६६ वेगाची स्टिक होती, टाइमलाइन अडकायची, प्रीव्ह्यू थांबत थांबत चालायचा, आणि मी समजायलो होतो की प्रोसेसरच कमी पडायलाय, म्हणून मार्चमध्ये ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं ठरवलं.

ते आधी सांगून टाकतो कारण बरेच जण तिथंच सुरुवात करतात. सगळ्या कोअरला (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांना) ४.४ गिगाहर्ट्झ लावून दिलं, व्होल्टेज थोडं वाढवलं, मशीन चालू झालं, आनंद झाला. मग एका हळदीच्या व्हिडिओचा रेंडर (एडिट झालेल्याची अखेरची फाइल काढणं) लावला तर टेंपरेचर नव्वदच्या वर. प्रोसेसरसोबत आलेलाच छोटा कूलर आहे, पत्र्याच्या खोलीत दुपारी कूलर-फॅन लावूनही घाम निथळतो, आणि या प्रोसेसरची मर्यादा ९५ डिग्री. व्होल्टेज जरा जरी वाढवलं तरी उष्णता त्याच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते, ते मला तेव्हा डोळ्यानं दिसलं. एवढं करून फायदा किती, तर बावीस मिनिटांच्या रेंडरमध्ये मिनिटभर सुद्धा नाही, कारण हा प्रोसेसर जागेवरच ४.४ पर्यंत स्वतःहून बूस्ट घेतो, आपण वेगळं काय देणार त्याला. तीन दिवसांत सगळं डीफॉल्टला परत आणलं.

मग ही किट मागवली, छत्रपती संभाजीनगरहून. डीडीआर४ प्रकारची, ३२००, सीएल१६ (सीएल म्हणजे काय ते पुढं सांगतो), १.३५ व्होल्ट. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण याच आकड्यांच्या किट चार-पाच कंपन्यांच्या मिळतात आणि मला जे सांगायचंय ते आकड्यांबद्दलच आहे. भावही लिहीत नाही, रॅमचे भाव फार हलायलेत.

गावातल्या एका दुकानात बसवून घेतली, घरी आणून टास्क मॅनेजर उघडला तर स्पीड २१३३! म्हणजे नवी रॅम जुनीपेक्षा हळू. पोटात गोळाच आला. दुकानदाराला फोन केला तर म्हणले "तेवढीच दाखवते ओ सर, चालंल काही होत नाही." असं बिलकुल नसतं. अशा किटचा जो वेग पाकिटावर छापलेला असतो तो आपोआप लागत नाही, बोर्ड पहिल्यांदा सुरक्षित वेगावर चालू करतो, छापलेला वेग पाहिजे तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे छापलेल्या वेगाची तयार सेटिंग, चालू करावं लागतं, काही बोर्डावर त्यालाच डीओसीपी म्हणतात. डिलीट बटण दाबत चालू केलं, एक्सएमपी ऑन, एफ१० दाबून सेव्ह. स्क्रीन काळी झाली, पंखा फिरला, थांबला, परत फिरला, मी हात जोडून बसलेलो, आणि मग विंडोज आलं. ३२००. (सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसतं त्यानं घाबरू नका, एका ठोक्यात दोनदा डेटा जातो म्हणून दुप्पट धरायचं.)

दुसरी चूक पण त्याच दुकानात झालेली, दोन्ही स्टिक शेजारी शेजारी लावलेल्या. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, म्हणजे ड्युअल चॅनेल चालतं, दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटा येतो. मीच उघडलं, स्टिक काढून परत दाबली, दोन्ही कडेला खट्ट असा आवाज आल्याशिवाय बसलेली नसते.

आता फरक का पडतो ते आपल्याकडच्या जिनिंगवरून सांगतो. आत मशिनी कितीही जोरात फिरू द्या, गेट एकच असेल आणि कापसाचा एकेक ट्रॅक्टर आत सोडत असतील तर मशिनी मोकळ्याच फिरणार. एक स्टिक म्हणजे एक गेट, २६६६ ला सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी. दोन स्टिक ३२०० ला ५१.२ जीबी, म्हणजे जवळपास अडीच पट. आणि सीएल म्हणजे हाक मारल्यावर पहिला ट्रॅक्टर यायला लागणारा वेळ. तो निस्ता आकडा बघून ठरवू नका, ३२०० ला सीएल१६ आणि ३६०० ला सीएल१८ दोन्हीला १० नॅनोसेकंदच लागतात, पण ३२०० ला सीएल२२ घेतली तर पावणेचौदा. स्वस्तातली ३२०० बहुतेक वेळा हीच असते, पाकीट उलटून बघत जा.

५६००जी ला तर हे जास्तच लागतं, त्याच्यातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ती या रॅममधूनच पितात, आणि एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, झटपट मेमरी) १६ एमबी, ५६००एक्सच्या निम्मी. वर प्रोसेसरच्या आतला इन्फिनिटी फॅब्रिक (आतल्या भागांना जोडणारा रस्ता) पण रॅमच्या ठोक्यासोबत चालतो. याउलट ५८००एक्स३डी सारखा ९६ एमबी कॅशवाला असेल तर रॅमच्या वेगानं एवढं बिघडत नाही.

माझ्याकडं काय झालं, तर प्रीव्ह्यू आता अडकत नाही, हेच सगळ्यात मोठं, त्यात ८ ची १६ जीबी झाली त्याचाही वाटा आहे हे मान्य. फोल्डर झिप करणं चांगलंच पटकन होतंय. भाच्यानं गेम लावून बघितली, सेकंदाला ३५ च्या आसपास फ्रेम यायच्या तिथं साठच्या जवळ गेलं. सिनेबेंच या प्रोसेसर मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र फरक जवळपास शून्य, ते काम कॅशमध्येच भागतं. म्हणून कुणी निस्ता सिनेबेंच दाखवून रॅमचा काही उपयोग नाही म्हणत असेल तर ऐकू नका.

मग लालच झाली, ३६०० करून बघितलं. विंडोज आलं, दोन दिवस मस्त, आणि तिसऱ्या दिवशी एका अल्बमची झिप उघडंना. मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) रात्रभर लावला तर चुकांच्या लाल ओळी. किटचा दोष नाही, ती ३२०० चीच विकलेली आहे. पण रॅमचं ओव्हरक्लॉकिंग बिघडलं तर मशीन बंद पडंल असं नाही, गुपचूप फाइल खराब करतं, आणि लोकांच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत. कार्डावर मूळ फोटो होते म्हणून वाचलो. त्या दिवशीच ३२०० ला परत आणलं, परत मेमटेस्ट लावला, एकही चूक नाही, आणि पूर्ण मे महिना तसंच चाललं.

इंटेलवाल्यांनी बोर्ड बघून घ्या, तिथं रॅमचा वेग वाढवायची सोय बी सिरीजच्या बोर्डात बी५६० पासून आलीय, एच६१० वर नाही.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला कारण डब्यात एक्सएमपी चालू करा असं सांगणारा साधा कागद सुद्धा नव्हता.